उतरंडीचा फोन

"कुणी हात लावायचा नाही," सासूबाई म्हणाल्या, आणि बक्षिसाचा खोका त्यांनी कपाटात स्वतःच्या लग्नातल्या शालूखाली सरकवला. कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली.

"अगं, निदान उघडून तरी बघू," माझे सासरे अप्पा म्हणाले.

"काय बघायचंय? फोन आहे. वर चित्र काढलंय की."

"आई, चार्जिंगला तरी लावायला पाहिजे," माझा नवरा सुहास म्हणाला. "नवीन फोन नुसता ठेवून दिला की खराब होतो."

"शालू किती वर्षं ठेवलाय. झाला का खराब?"

माझा धाकटा दीर पराग नुसता कपाटाकडे बघत होता. त्याच्या फोनची काच अशी तडकली होती की कुणाचाही फोटो बघितला तरी त्या माणसाच्या तोंडावर कोळ्यानं जाळं विणल्यासारखं दिसायचं.

ही गोष्ट बार्शीतली, आमच्या घरातली. नवरात्रात आमच्या गल्लीचं मंडळ बायकांचे खेळ ठेवतं. दरवर्षी पहिलं बक्षीस पैठणी. त्या वर्षी मोबाईलवाल्या दुकानदारानं पुढाकार घेतला आणि पैठणीच्या जागी स्मार्टफोन आला. खेळ होता फुलवाती वळायचा. घड्याळ लावून, जिच्या जास्त तिची जीत. नव्या पोरी कापूस बोटाला चिकटवून हसत बसल्या. आमच्या आईंनी मान खाली घातली ती भोंगा वाजल्यावरच वर केली. समोर वातींचा ढीग. त्यातली एकही सुटलेली नव्हती.

आता या बक्षिसानं घरात एवढी खळबळ का माजावी, ते कळायला आमच्या घरातली फोनची उतरंड माहीत पाहिजे. नवा फोन घ्यायचा तो सुहासनं. त्याचं बी-बियाणं आणि औषधांचं दुकान, चार माणसांत वावर, म्हणून तो सगळ्यांत वर. त्याचा जुना फोन परागला. परागचा अप्पांना. अप्पांचा आईंना. आईंपर्यंत पोचेस्तोवर फोनचं एखादं बटण गेलेलं असायचं, मागचं झाकण रबरबँडनं धरलेलं असायचं. फोन खाली देताना सिम तेवढं काढायचं. सिम काढलं की फोन रिकामा झाला, अशी आमच्या घराची पक्की समजूत होती. पराग तरुण होता, तो फोटो आणि निरोप पुसायचा. पण तोही घाईत.

मी या उतरंडीत नव्हते. मी पतसंस्थेत कॅशियर. माझा फोन माझ्या पगाराचा, आणि तो मरेपर्यंत वापरायचा हा माझा नियम. त्यामुळे मला या सगळ्याकडे काउंटरच्या आतून बघता यायचं. आणि काउंटरच्या आतून फार छान दिसतं. फोनसाठी कर्ज काढायला येणारी माणसं मी रोज बघत होते. नवा फोन कशाला पाहिजे, याचं खरं कारण कुणी सांगत नाही. 'मुलाच्या अभ्यासाला' म्हणणाऱ्याचा मुलगा अंगणवाडीत असतो. 'कॅमेरा चांगला पाहिजे' म्हणणारीला फोटो काढायचा नसतो. जावेच्या फोटोत आपण काळ्या दिसतो, तेवढं थांबवायचं असतं. 'जुना गरम होतो' म्हणणारा स्वतः गरम झालेला असतो, कारण शेजाऱ्यानं कालच नवा घेतलाय.

तर उतरंडीत पहिल्यांदाच नवा कोरा फोन सगळ्यांत खालच्या गाडग्यात पडला होता. आणि वरची सगळी भांडी डुगडुगायला लागली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांनी चहा केला. एसटीत कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेल्या माणसानं पहिल्यांदा घरात गॅस पेटवला. आईंनी घोट घेतला, कप माझ्याकडे दिला, मी आत नेऊन साखर घातली आणि परत आणून दिला. दुपारी सुहास दुकानातून जेवायला लवकर आला आणि येताना शेंगांचं पोतं स्वतः खांद्यावर घेऊन आला. मी मधल्या सुट्टीत घरी आले होते आणि मनातल्या मनात प्रत्येकाच्या नावावर जमा मांडत होते.

आईंना हे कळत नव्हतं असं नाही. त्या ओट्यावर शेंगा फोडत बसल्या आणि एकेकाला बोलावल्यासारखं करून विचारायला लागल्या.

"तुला काय पाहिजे रे नव्या फोनमध्ये?"

"आई, कॅमेरा," सुहास म्हणाला. "शेतकरी रोगाचं पान फोटो काढून पाठवतात. पानावरची अळी दिसायला पाहिजे मला."

"फोटो कोण काढतं?"

"शेतकरी."

"मग कॅमेरा त्याचा चांगला पाहिजे. तुझा कशाला?"

सुहासनं दोन शेंगा फोडल्या. मग म्हणाला, "बॅटरी पण टिकत नाही."

"दिवसभर पिच्चर बघितल्यावर माझी पण टिकणार नाही. पुढं?"

पुढचे अप्पा. "मला आवाज मोठा पाहिजे," त्यांनी सांगितलं. "आमच्या कंट्रोलरांच्या ग्रुपवर सगळे बोलून बोलून पाठवतात. एक अक्षर कळत नाही."

"तो फोनचा दोष नाही, कानाचा आहे. आणि मी बोललेलं इतकी वर्षं ऐकू येत नाही, तेव्हा नाही वाटलं नवं काही घ्यावं?"

"अक्षरं पण मोठी पाहिजेत."

"चष्मा लावा की."

अप्पांना चष्मा होता. पण चष्मा लावला की आपण म्हातारे दिसतो, हे त्यांचं मत होतं, आणि लावला नाही तर वाचता येत नाही, ही वस्तुस्थिती होती. म्हणूनच तर परागकडून आलेला फोन त्यांनी काही महिने वापरला, अक्षरं बारीक म्हणून कटकट केली आणि शेवटी आईंशी अदलाबदल केली होती.

पराग जेवून परत प्रेसवर निघाला होता. त्याचा लग्नपत्रिका छापायचा छोटा प्रेस होता, एसटी स्टँडाच्या समोर. आईंनी त्याला दारातच अडवलं. "आणि तुला रे?"

"मला काही नको."

"काच फुटलीय की."

"दिसतं त्यातून. जेवढं बघायचं तेवढं दिसतं."

आईंनी एक शेंग फोडली, दाणे बघितले, टोपलीत टाकले. तो गेल्यावर माझ्याकडे वळल्या. "रेवती, तुझ्या भावोजीला काय पाहिजे असेल गं?"

"काच, दुसरं काय?"

"काचेपलीकडचं विचारतेय मी."

मी उठून आत गेले. कारण काचेपलीकडचं मला माहीत होतं, आणि घरात ते फक्त मलाच माहीत आहे, असा माझा तेव्हा हिशेब होता.

तिचं नाव मृणाल. कुर्डुवाडीला रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. सकाळी जायची, दिवेलागणीला परत यायची. पराग तेवढ्या वेळेला प्रेस पोऱ्याच्या भरवशावर टाकून स्टँडावर जाऊन उभा राहायचा. दोघं स्टँडापासून तिच्या गल्लीच्या तोंडापर्यंत चालत जायची. एवढंच. बाकीच्यांच्या पत्रिका छापणारा आमचा पराग स्वतःच्या बाबतीत मात्र एक ओळ जुळवायला तयार नव्हता. आणि त्याला कारणही तसंच होतं. मृणालचे वडील म्हणजे गव्हाणे. वडापवाले गव्हाणे, खासगी जीपनं माणसं वाहणारे.

हे नाव आमच्या घरात जेवताना घ्यायची सोय नव्हती. अप्पांची सगळी नोकरी स्टँडावर गेली, आणि त्या सगळ्या नोकरीत फाटकाबाहेर गव्हाण्यांची जीप उभी. अप्पांनी माईकवरून कुर्डुवाडी गाडी पुकारायची, आणि तेवढ्यात बाहेरून गव्हाण्यांनी "कुर्डुवाडी, कुर्डुवाडी, चला बसा, निघाली!" म्हणून हाळी द्यायची. माणसं बसमधून उतरून जीपमध्ये जायची. अप्पा शिट्टी फुंकत फाटकापर्यंत धावायचे, जीप थोडी पुढं सरकायची, अप्पा आत आले की परत मागं. एकदा गव्हाण्यांनी असा डाव साधला की त्या जीपमध्ये पुढच्या सीटवर अप्पांची सख्खी बहीण बसलेली निघाली. आत्यांशी अप्पा पुढची दिवाळी येईपर्यंत बोलले नव्हते.

त्या संध्याकाळी पतसंस्था बंद करून मी बाहेर पडले तर पायरीवर पराग.

"वहिनी, मेलो."

"आधी सांगा, मग मरा."

"तिच्या घरी स्थळ आलंय. बँकेतला मुलगा. तिचे बाबा खूश आहेत. ती म्हणाली, दसऱ्यापर्यंत तुझ्या घरी सांग. नाहीतर मी त्याला हो म्हणून टाकीन. रडली नाही, चिडली नाही, वहिनी. लॅबचा रिपोर्ट सांगावा तसं सांगितलं."

"मग सांगा की अप्पांना."

"काय सांगू? आणि अप्पांनी माढ्याचं स्थळ बघायचं ठरवलंय दसऱ्यानंतरच्या रविवारी, ते वेगळंच."

"मी सांगू?"

"नको नको. मीच सांगतो. नवमीला सांगतो."

"पंचमीला म्हणाला होतात, अष्टमीला सांगतो."

"वहिनी, तुम्ही पतसंस्थेसारखं करू नका. मुदत वाढवून द्या."

मी हसले, पण तेवढ्यापुरतंच. अशी मुदत मागणारे किती लोक मी पाहिले होते, आणि मुदत संपल्यावर त्यांचं काय झालं तेही.

तो स्टँडाकडे पळाला. मी घरी आले तेव्हा आईंचा फोन वाजत होता. तो रोजच वाजायचा दिवेलागणीला. एक बासरीची धून, जरा चिरकी. ती वाजली की आई उठायच्या, हात धुवून देवापुढं दिवा लावायच्या. आणि ती वाजली की अप्पा रक्तदाबाची गोळी घ्यायचे. आमच्या घराची संध्याकाळ त्या धुनेवर चालायची. तो गजर कुणी लावून दिला होता, हे कुणी कधी विचारलं नाही. मला वाटायचं सुहासनं लावला. सुहासला वाटायचं मी.

नवमीच्या दिवशी सकाळी मी पाट मांडायला घेतला तर आई म्हणाल्या, "आत्ता नको. खंडेनवमीची पूजा संध्याकाळी करू."

"संध्याकाळी?" अप्पा म्हणाले. "आपल्याकडं सकाळी करतात."

"आपल्याकडं मी करते. संध्याकाळी. आणि दिवेलागणीला सगळ्यांनी घरात पाहिजे. परागा, तू पण. प्रेसची पूजा दुपारीच उरक."

"आई, मला थोडं काम होतं त्या वेळेला."

"रोजचंच असेल. एक दिवस राहू दे."

पराग माझ्याकडे बघायला लागला. मी पाटाखालच्या रांगोळीकडे बघायला लागले.

खंडेनवमीला ज्यानं त्यानं आपापलं हत्यार पूजेला ठेवायचं. संध्याकाळी पाटावर अप्पांची एसटीतली शिट्टी आली. सुहासच्या दुकानातला फवारणीचा पंप आला. परागनं शाईचा रूळ ठेवला, मी माझा कॅल्क्युलेटर, आईंनी विळी. मग आई म्हणाल्या, "फोन पण ठेवा. दिवसभर हातात तेच तर असतं."

फोन आले. सुहासचा चकचकीत, अप्पांचा मोठ्या अक्षरांचा, माझा झिजलेला, परागचा तडकलेला, आईंचा रबरबँडवाला. शेवटी आईंनी कपाट उघडून तो बंद खोकाही आणून मधोमध ठेवला. हळद-कुंकू लागलं, झेंडूची फुलं वाहिली. आरती झाली.

"आता ऐका," आई म्हणाल्या. "उद्या उत्तरपूजा करून फुलं उचलेपर्यंत पाटावरच्या कशालाही हात लावायचा नाही."

"फोनला पण?" सुहासचा आवाज चिरला.

"फोन पूजेला ठेवलाय की नाही? मग विळीला एक न्याय आणि फोनला एक, असं नसतं. दुसरं, हा नवा फोन कुणाला द्यायचा ते मी ठरवलंय. परागला."

सुहासनं तोंड उघडलं, पण मी त्याचा शर्ट मागून ओढला.

"एक अट आहे," आई म्हणाल्या. "त्याचा जुना फोन मला पाहिजे. आहे तसा. पुसापुशी न करता."

परागचं तोंड पाटावरच्या हळदीसारखं पिवळं झालं. "आई, नको... म्हणजे देतो. उद्या देतो. जरा साफ करून देतो की."

"घरातली सगळी भांडी मी घासते. फोन पण मीच घासीन."

"आई, त्यात तुझ्या कामाचं काही नाही."

"तेच तर बघायचंय."

पराग पाटाकडे वाकला. "एकच मिनिट, फक्त बंद करून ठेवतो."

"हात मागं घे. पूजा झालीय."

तो तसाच वाकलेला असताना आईंचा फोन वाजला. बासरीची चिरकी धून. दिवेलागण झाली होती. अप्पा सवयीनं उठले, "गोळी," म्हणाले आणि खिसा चाचपायला लागले.

आणि त्याच वेळी परागचा फोनही वाजला. तीच बासरी, तीच धून. दोन फोन, एकमेकांशेजारी, झेंडूच्या फुलांत, एका सुरात.

परागचा हात पुढं गेला, आईंकडे बघून मागं आला. फोन वाजतच राहिले. हात कुणाला लावता येत नव्हता. मी वाकून बघितलं. दोन्ही पडद्यांवर एकच ओळ होती. एका ठिकाणी काचेच्या जाळ्यातून, दुसऱ्या ठिकाणी स्वच्छ.

"काय लिहिलंय?" अप्पा म्हणाले. मी मागं सरकले. तेव्हा अप्पांनी, जे त्यांनी सुनेसमोर कधी केलं नव्हतं ते केलं. खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला, गुडघे टेकून पाटासमोर बसले आणि माईकवर पुकारावं तसं वाचलं.

"मृणाल. कुर्डुवाडी गाडी."

धून थांबली.

"मृणाल कोण?"

पराग भिंतीला टेकला.

"त्याला विचारा," आई म्हणाल्या. "मी हिच्या नावानं दिवा लावतेय हा फोन माझ्याकडं आल्यापासून. ही कोण, ते आता मलाही कळू दे. आणि तुम्ही तर माझ्या आधीपासून हिच्या नावानं गोळी घेताय."

"मी?" अप्पा म्हणाले. "मला वाटलं, गोळीची आठवण राहावी म्हणून सुहासनं..."

"मी नाही लावला," सुहास म्हणाला.

"मी पण नाही," मी म्हणाले. त्या क्षणी मला सगळा उलगडा झाला. पोरानं फोटो पुसले होते, निरोप पुसले होते. गजर विसरला होता. तो गजर उतरंडीतून खाली आला, आधी अप्पांकडे, मग आईंकडे, आणि आमचं अख्खं घर त्याच्या प्रेमाच्या वेळापत्रकावर चालत राहिलं. गुपित एकट्या माझ्याकडे आहे, हा माझा हिशेब मुळातच चुकला होता. आई त्या गुपितावर रोज उठून हात धूत होत्या.

"बोल की," आई परागला म्हणाल्या. आवाज कठोर नव्हता. "तू सांगशील म्हणून वाट बघितली. दिवाळी गेली, पाडवा गेला, दिवा लावून लावून माझ्या वाती संपत आल्या."

"गव्हाण्यांची मुलगी आहे," पराग म्हणाला.

"कुठले गव्हाणे?" अप्पांनी विचारलं. त्यांना कळलं होतं. तरी विचारलं.

"कुर्डुवाडी रोडचे."

"वडापवाला गव्हाणे?"

परागनं मान हलवली.

अप्पा पाटासमोरून उठले. "माझी अख्खी नोकरी त्या माणसाला फाटकाबाहेर काढण्यात गेली. आणि तू त्याला घरात आणतोस?"

"त्यांना नाही, अप्पा. तिला."

"एकच ते. माझ्या बहिणीला पळवलं त्यानं!"

"अहो, जीपमध्ये बसवलं," आई म्हणाल्या. "पळवलं काय म्हणता? लोक ऐकतील."

अप्पा खोलीत एक फेरी मारून आले. येताना परत पाटाकडे लक्ष गेलं. चष्मा अजून डोळ्यांवरच होता. "कुर्डुवाडी गाडी," ते पुटपुटले. "गाडी म्हणजे काय? बापाची जीप?"

"नाही," पराग म्हणाला. "एसटी."

"काय?"

"एसटीनं येते ती. रोज. जाते पण एसटीनंच."

"वडापवाल्याची मुलगी?"

"तिला लॅबमध्ये वेळेवर पोचावं लागतं. ती म्हणते, बाबांची जीप भरल्याशिवाय हलत नाही. एसटी वेळेला सुटते."

अप्पा उभे होते ते खुर्चीत बसले. "हे ती तुला म्हणते, का बापाला?"

"बापाच्या तोंडावर म्हणते."

"रोज म्हणते?"

"ते रोज 'चल सोडतो' म्हणतात. म्हणून रोज म्हणते."

"पास काढलाय?"

"महिन्याचा."

अप्पांच्या पोटातून काहीतरी वर यायला लागलं. आधी मिशी हलली, मग खांदे. मग ते असे हसले की डोळ्यांतून पाणी आलं आणि चष्मा काढून पुसावा लागला. इतकी वर्षं शिट्टी फुंकून जे झालं नव्हतं, ते गव्हाण्यांच्या घरातच एका मुलीनं पास काढून करून दाखवलं होतं.

"पोरगी हुशार आहे," ते म्हणाले. मग एकदम ताठ झाले. "अरे, पण गाडी लागली असेल की आता! फलाटावर उभी असेल ती. आणि तू इथं काय करतोस?"

"आईनं थांबवलं."

"फोन कर तिला. नको, फोन पूजेत आहेत." अप्पांनी कोपऱ्यातली काठी घेतली, चपला पायात सरकवल्या. "चल. मी येतो."

"अप्पा, तुम्ही?"

"तुला गाड्यांचं काय कळतंय? कुठल्या फलाटाला लागते ते मला माहीत आहे."

"मलाही माहीत आहे, अप्पा," पराग म्हणाला, आणि पहिल्यांदा हसला.

दोघं गेले. आईंनी शांतपणे दिवा लावला. सुहास अजून पाटाकडे बघत होता. "म्हणजे नवीन फोन पराग घेणार आणि फुटका तू?" त्यानं विचारलं.

"नवा परागला नाही," आई म्हणाल्या. "ते त्याला बोलतं करायला म्हटलं होतं. फुटक्या काचेतून बघायचं होतं ते आता समोर येईल की त्याच्या."

"मग तू ठेव."

"मी काय करू त्याचं? नवा फोन उघडला की आत काहीच नसतं. कुणाचं काही नाही." त्या रबरबँडवाल्या फोनकडे बघून म्हणाल्या, "याच्यात सगळी होती तुम्ही."

मला आधी वाटायचं, आईंच्या वाट्याला घरातलं उरलंसुरलं येतं. तशी मी मनात आमच्या घराच्या नावावर थोडी उधारीही मांडून ठेवली होती. ती त्या दिवशी खोडून टाकली.

दसऱ्याला फुलं उचलली, फोन सुटे झाले. पहिला फोन अप्पांनी माढ्याला केला, रविवारचं रद्द केलं म्हणून. संध्याकाळी आम्ही सगळे आपट्याची पानं घेऊन गव्हाण्यांच्या घरी गेलो. गव्हाणे अंगणात जीप धूत होते. अप्पांना बघून त्यांच्या हातातली बादली खाली आली.

"कंट्रोलर साहेब? आता माझी गाडी दारात पण उभी करायची नाही का?"

"सोनं घ्या," अप्पा म्हणाले आणि त्यांच्या हातात पानं दिली. "आणि मुलीला विचारा, रोज माझ्याच गाडीनं का येते."

मृणाल दारात उभी होती. आईंनी तिच्या हातात आधी पान दिलं, मग तो खोका. "हा रिकामा आहे," त्या म्हणाल्या. "तू भर."

बाकीचं सगळं जमायला वेळ लागला, पण एका गोष्टीवर मात्र लग्न मोडता मोडता राहिलं. वऱ्हाड कशानं न्यायचं? अप्पा म्हणाले, एसटी ठरवायची. गव्हाणे म्हणाले, माझ्या मुलीचं लग्न आणि माझ्या गाड्या उभ्या राहणार? शेवटी मृणालनंच मध्ये पडून तोड काढली. मुलीकडचं वऱ्हाड एसटीनं आलं आणि मुलाकडचं वडापनं. आत्या पुढच्या सीटवर बसल्या, आणि या वेळी त्यांच्या शेजारी अप्पा होते. जीप भरल्याशिवाय हललीच नाही. मुहूर्ताला आम्ही कसेबसे पोचलो.

त्याला आता बरीच वर्षं झाली. मृणाल अजून कुर्डुवाडीला जाते, एसटीनंच. उतरंड आमच्याकडे अजून चालू आहे, फक्त वरची भांडी बदलली. परवा मृणालनं नवा फोन घेतला आणि तो बक्षिसाचा फोन, आता चांगला झिजलेला, तिनं सिम काढून आईंच्या हातात ठेवला.

दिवेलागणीला मी भाजी चिरत होते. मृणाल अजून यायची होती. आईंच्या हातातला फोन वाजला. तीच बासरी. आईंनी चष्मा लावला, पडद्यावरचं वाचलं आणि फोन माझ्यापुढं धरला. बसमध्ये डुलकी लागते म्हणून मृणालनं तो गजर कधीतरी स्वतःसाठी लावून ठेवला होता, आणि देताना काढायला विसरली होती. त्यावर लिहिलं होतं:

"आईंनी दिवा लावला. ऊठ, बार्शी आली."

आई हात धुवायला उठल्या. बाहेरून अप्पांचा आवाज आला. आता त्यांना खरोखरच कमी ऐकू येतं, पण ही एक धून येते.

"वाजला ना गं? गोळी आण."